परतायला जागा होती कुठे?

नोव्हेंबर 2024 मध्ये 'द क्युअर' या इंग्रजी बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला, सोळा वर्षांच्या खंडानंतर. पंकची लाट ओसरल्यावर इंग्लंडात उदास, धारदार गाणी करणारी जी पोस्ट-पंक पिढी उभी राहिली, त्यातला 'क्युअर'चा गायक रॉबर्ट स्मिथ तेव्हा पासष्टीचा. तरी अल्बम ब्रिटनच्या यादीत थेट पहिला. एरवी गाण्यांच्या वाटेला न जाणाऱ्यांनीही मला त्याच्या लिंका पाठवल्या. पुनरागमन कसं असावं बघा, म्हणून. त्याच वर्षी मुंबईच्या 'रॉक मशीन'ला चाळीस वर्षं झाली होती. त्याबद्दल मात्र कुणाचा साधा निरोपही नाही. इकडे रत्नागिरीजवळच्या आरे गावात बसून मला ते फार लागलं.

रॉक मशीन, म्हणजे पुढचा 'इंडस क्रीड', पोस्ट-पंक नव्हे. सुरुवातीला तर सरळसोट हार्ड रॉक. ती वर्षं मी उरकूनच टाकतो. 1984 साली बँड उभा राहिला. महेश तिनईकरची गिटार, उदय बेनेगलचा आवाज. 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड', 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग'. लांब केस, घट्ट पँटी आणि अमेरिकेहून आणलेला रुबाब. पण श्रोते इंग्रज-अमेरिकी बँडची गाणी मागत होते तेव्हा ही पोरं स्वतःची गाणी वाजवायला लागली, आणि त्यासाठी शिव्या खाऊनही मागे हटली नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं माफ.

खरं दशक नव्वदीचं. मी तेव्हा रत्नागिरीहून मुंबईला शिकायला गेलो होतो. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन होतं. वर उघडं आभाळ, बाहेर भिंतीला चिकटून फुकट ऐकणारी गर्दी. 1986 पासून तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' भरायचं. पावसात भिजत, चिखल तुडवत लोक उभे असायचे. रॉक मशीनच्या मार्क मेनेझिसचा ड्रम सुरू झाला की छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटे. झुबिन बालापोरियाचा कीबोर्ड, जयेश गांधीची दुसरी गिटार, मार्क सेल्विनचा बेस. आणि तिनईकर सोलो घ्यायला पुढे आला की आम्ही कोकणातली चार पोरं उगाच ताठ उभी राहायचो. रातराणीने गावी येताना पिशवीत त्यांच्या कॅसेटी असत. संध्याकाळी वारेच्या सुरूच्या बनात वॉकमन लावून बसायचं. सेल संपत आले की बेनेगलचा आवाज जाड आणि संथ होत जाई; तोही आम्ही कौतुकाने ऐकला.

आता जुने हिशेब. भावगीतांवर पोसलेली आमची वडीलधारी मंडळी याला धांगडधिंगा म्हणायची. त्यांना मी कधीच मोकळं केलं. शिमग्यात रात्रभर ढोल बडवणाऱ्या गावाने धांगडधिंग्याला नावं ठेवावीत, यातली गंमत त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. राग आहे तो इंग्रजी पानांवर लिहिणाऱ्यांवर. 'भारतीय बँडच्या मानाने बरे' ही त्यांची शाबासकी. आणि त्याहून जास्त टीव्हीवर. 1993 साली बँडने नाव बदललं, 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्ही आशियाच्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, आणि वाटलं की आता हे आपलेच दिवस. 1995 ला 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम आला. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं आणि केबलवाल्यांना हिंदी पॉपची चटक लागली. इंग्रजीत गाणारा मुंबईचा बँड इकडे परका, तिकडेही परका. 1997 मध्ये तो फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' काढला.

मधल्या वर्षांत सांगण्यासारखं एकच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. रंगभवन नेमकं त्यात सापडलं आणि 2003 साली तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णाला झोप हवी, मान्य. पण एक जागा बंद केली तर तेवढ्याच पैशात दुसरी कुठे, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. 2016 मध्ये काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकानही मिटलं.

या दोन पडझडींच्या मध्ये, 2012 साली, 'इव्हॉल्व्ह' आला. 2010 ला बँड पुन्हा जमला होता. जुन्यांतले बेनेगल, तिनईकर, बालापोरिया, नव्यांत बेसवर रुषाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी. मिक्सिंग टिम पामरचं, ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला तोच. म्हणजे सतरा वर्षांनी आलेला अल्बम, 'क्युअर'पेक्षाही एका वर्षाने लांबलेला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम. गाणी सावकाश उलगडतात, तिनईकर आता दाखवण्यासाठी वाजवत नाही, बेनेगलच्या आवाजात ओरडण्याऐवजी विचार आहे. पंचविशीतल्या पोरांना हे जमलं नसतं. पण ऐकायचा कुठे? मॉलच्या अंगणात, की दारूच्या कंपनीने भरवलेल्या जत्रेत? 'क्युअर'ला परतायला श्रोत्यांचा देश होता. यांना शहरातली एक उघडी जागासुद्धा उरली नव्हती.

2022 ला 'इंडिपेन्डन्स रॉक' पुन्हा भरलं, मोटारी विकणाऱ्या कंपनीचं नाव पुढे लावून. चांगलं झालं म्हणायचं. शांतता क्षेत्राचं म्हणाल तर शनिवार-रविवारी आरे-वारेच्या पुलाजवळ येऊन बघा. डिक्की उघडी टाकून, माणूसभर उंचीचे स्पीकर लावून, तीच ती चार रिमिक्स गाणी. समुद्राची गाज विकत घ्यायला पुण्याहून येतात आणि ती झाकून परत जातात. पोलीस आले की तेवढ्यापुरता आवाज खाली.

दिवाळीत पुतण्या आला होता, त्याच्या गाडीत 'क्युअर' लागला होता. त्याला म्हटलं, आता तिनईकर लाव.

"कोण काका? कुठल्या मालिकेतले?"