पाचोळा जाळू नका, जिरवा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

माघ सरत आला की सोसायटीच्या आवारात सकाळी सकाळी खराट्याचा आवाज वाढतो. बदाम, पिंपळ, वड यांची पाने झडू लागतात. मावशी झाडून झाडून ढीग लावतात आणि कोणीतरी सांगते, ‘लावा काडी!’ अर्ध्या तासात आवार स्वच्छ. पण मंडळी, तो ढीग गेला कुठे? काही मावशींच्या छातीत, काही शेजारच्या दमेकरी आजोबांच्या खोलीत आणि उरलेला हवेत, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होऊन. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, ५,००० रुपये दंडही ठरवला. तरी काडी पेटतेच, कारण पाचोळा म्हणजे कचरा ही आपली समजूत जात नाही.

खरे तर पान म्हणजे झाडाने हवेतून गोळा केलेला कार्बन. कुजतानाही त्यातला बराचसा हवेत परत जातो, हे मान्य करायला हवे. पण धूर होत नाही आणि थोडा भाग ह्यूमस होऊन मातीत टिकतो.

मोठा फायदा निराळाच आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा डेपोच्या ढिगात दबला की हवा न मिळाल्याने त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. शिवाय कचरा वाहणाऱ्या गाडीचे डिझेल. आणि बागेत घरचे खत असले की युरियाची पुडी लागत नाही. युरियाचा अमोनिया बहुतेक नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतो. शिवाय जादा पडलेल्या युरियातून मातीत नायट्रस ऑक्साइड तयार होतो. तो तर सुमारे २७० पट तापवणारा!

करायचे काय? जुन्या बादलीला बाजूने आणि तळाला भोके पाडा. तळाशी नारळाच्या शेंड्या घाला. मग ओल्या कचऱ्याचा एक थर आणि त्यावर पाचोळ्याचे दोन-तीन थर, असे भरत जा. वर मूठभर जुने खत किंवा शेण टाका. आठवड्यातून एकदा खालीवर करा. घाण वास आला तर समजा, आत हवा पोचत नाही. म्हणजे घरातच मिथेन तयार होऊ लागला! लगेच सुका पाचोळा मिसळा. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत हाती येते.

उरलेला पाचोळा कुंड्यांत पसरा. उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी कमी लागते. गच्चीवर पाणी चढवणारा पंपही विजेवरच चालतो ना?

दहा कुंड्यांनी पृथ्वी थंड होणार नाही. पण उद्या सकाळी मावशींच्या हातातली काडीपेटी बाजूला ठेवून त्यांना एक रिकामे पोते द्या. निदान त्यांच्या छातीत धूर जाणार नाही. आणि पोत्यातला पाचोळा? तो आपल्या बादलीला वर्षभर पुरेल.