दाराभोवतीची पट्टी

घराच्या दारातून आपण दिवसातून कितीतरी वेळा ये-जा करतो. पण दाराकडे निरखून पाहण्याची सवड आपल्याला क्वचितच होते. आज घरी गेल्यावर आतल्या एखाद्या खोलीच्या दारासमोर क्षणभर उभे राहा. ज्या लाकडी चौकटीला दाराचे कवाड बिजागऱ्यांनी टांगलेले असते, ती तुम्हांला सहज ओळखता येईल. पुष्कळ घरांत या चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना, भिंतीला लगटून आणखी एक चपटी लाकडी पट्टी बसवलेली आढळते. कोणी तिला मोल्डिंग म्हणतात. ती शोभेसाठी आहे असे पाहणाऱ्यास वाटते. शोभा तर तिच्यामुळे येतेच. पण तिचे खरे काम निराळे आहे.

भिंत विटांची आणि गिलाव्याची, तर चौकट लाकडाची. या दोघींचा स्वभाव सारखा नाही. गिलावा वाळताना किंचित आक्रसतो आणि नंतर बहुतांशी स्थिर राहतो. लाकूड मात्र झाड तोडल्यावरही हवेशी असलेले आपले नाते सोडत नाही. पावसाळ्यातील दमट हवेतून ते ओलावा शोषून घेते व फुगते. कोरड्या हवेत तो ओलावा सोडून देते व आक्रसते. म्हणून भिंत आणि चौकट यांच्या सांध्यावर आज ना उद्या चीर पडतेच. ती चीर झाकावी, गिलाव्याची दुबळी कड फुटण्यापासून वाचवावी, यासाठी ही पट्टी असते.

पट्टी बसवण्याचे काम वरवर सोपे दिसते. दोन उभ्या पट्ट्या आणि एक आडवी, एवढाच तो पसारा. तथापि सुताराच्या हाताची आणि मनाचीही परीक्षा येथेच होते. ती कशी, हे एका जुन्या घरात चाललेल्या कामावरून पाहू.

वैशाखाचे दिवस होते. एक वृद्ध मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा उमेदवार असे दोघे कामावर होते. त्यांनी सागाच्या वाळलेल्या पट्ट्या आठवडाभर आधी त्याच खोलीत आणून ठेवल्या होत्या. कारण लाकडाला त्या खोलीच्या हवेची सवय झाली, म्हणजे बसवल्यानंतर ते फारसे हलत नाही. मिस्त्रींनी चौकटीच्या आतल्या कडेपासून ५ मिलिमीटर मागे पेन्सिलीने एक रेघ ओढली. पट्टी या रेघेवर बसवायची. ती अगदी कडेला भिडवली, तर बारीकशी वाकडी बाजूही नजरेत भरते. शिवाय बिजागऱ्यांना अडथळा होतो. थोडी मागे सरकवली, की दोन्ही दोष टळतात.

मग हिशेब झाला. चौकटीची आतली रुंदी ९० सेंटिमीटर. दोन्हीकडचे ५-५ मिलिमीटर मिळवून ती ९१ झाली. आडव्या पट्टीच्या आतल्या कडेची लांबी ही. पट्टी ६ सेंटिमीटर रुंद होती. म्हणून तिच्या बाहेरच्या कडेची लांबी ९१ अधिक १२, म्हणजे १०३ सेंटिमीटर भरली. कोपऱ्यात दोन पट्ट्यांची टोके तिरपी कापून जोडायची होती. काटकोन ९० अंशांचा. त्याचे निम्मे ४५. उमेदवाराने हे गणित झटपट केले, आणि मिस्त्री दुसऱ्या खोलीत गेले असता डावीकडची उभी पट्टी आणि आडवी पट्टी यांची टोके ४५ अंशांत कापूनही टाकली.

पट्ट्या लावून पाहतो तो काय! बाहेरची टोके एकमेकांस टेकली. पण आतल्या बाजूला जवळजवळ दीड मिलिमीटरची फट राहिली. पोराचा चेहरा उतरला. साग महाग. दुपारी घरमालक काम पाहायला येणार होते. त्याने इकडेतिकडे पाहिले, लांबीचा गोळा घेतला आणि फट भरून टाकली. वरून हात फिरवला, तेव्हा फट होती हे सांगूनही खरे वाटले नसते.

मिस्त्री परत आले. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि शांतपणे विचारले, "लांबी भरलीस?"

"होय, मिस्त्री. पण रंग दिल्यावर काही दिसणार नाही."

"मालकांना आज दिसणार नाही, हे खरे. पण आषाढात हे लाकूड फुगेल आणि लांबीला दाबील. पुढे थंडीत ते आक्रसेल, तेव्हा ती सुटून खाली पडेल. त्या वेळी तू येथे नसशील. तुझे काम मात्र येथेच असेल."

उमेदवार गोंधळून म्हणाला, "माझे गणित तर बरोबर होते!"

"गणित बरोबर होते, पण हा कोन काटकोन आहे, असे तुला कोणी सांगितले?"

मिस्त्रींनी कोपऱ्यापासून एका बाजूवर ३० आणि दुसऱ्या बाजूवर ४० सेंटिमीटरांवर खुणा करायला सांगितल्या. कोन काटकोन असेल, तर या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५० सेंटिमीटर भरते. येथे ते ४ मिलिमीटर जास्त भरले. जुने घर खचून चौकट एका अंगाला झुकली होती, आणि तो कोन ९१ अंशांचा झाला होता. त्याचे निम्मे साडेपंचेचाळीस. एका अंशाची ती चूक पट्टीच्या कापावर दीड मिलिमीटरची फट होऊन प्रकट झाली होती.

मग मिस्त्रींनी अंश न मोजताही खरा कोन कसा काढावा, हे दाखवले. पट्टीचा एक तुकडा उभ्या रेघेवर धरून त्यांनी त्याच्या बाहेरच्या कडेची रेघ भिंतीवर ओढली. तसाच तो आडव्या रेघेवर धरून दुसरी ओढली. आतल्या रेघा जेथे मिळतात तो बिंदू आणि बाहेरच्या रेघा जेथे मिळतात तो बिंदू, हे दोन्ही जोडले. तयार झालेली तिरपी रेघ हाच खरा काप! कोपरा कसाही असो, ही रीत चुकत नाही. कारण ती पुस्तकातल्या कोनाला नव्हे, तर त्या घरालाच माप विचारते.

उमेदवाराने खालच्या मानेने लांबी खरवडून काढली. "नव्या पट्टीचे पैसे माझ्या मजुरीतून कापा," तो म्हणाला. मिस्त्री हसले. "बिघडलेली उभी पट्टी दोन मीटरांहून लांब आहे. तिच्यातून नवी आडवी पट्टी निघेल. उभीसाठी तेवढी एक नवी घे. तिचे पैसे मी भरीन. आणि या वेळी काप रेघेच्या थोडा बाहेर घे. जास्त राहिलेले रंध्याने तासता येते. कमी पडलेले जोडता येत नाही."

या वेळी दोन्ही टोके अशी मिळाली, की मध्ये कागदही शिरेना. उजवीकडचा कोपरा उमेदवाराने आधी मोजला आणि मगच करवत हाती घेतली. तो काटकोनापेक्षा लहान निघाला. टोकांना सरस लावून पट्ट्या जागेवर बसवल्या. आतली कड चौकटीला आणि बाहेरची कड भिंतीतल्या लाकडी गुट्ट्यांना बारीक खिळ्यांनी ठोकली. टोकाजवळ खिळा मारताना लाकूड चिरते. म्हणून तेथे आधी गिरमिटाने छिद्र पाडले.

मुलांनो, या बारीक खिळ्यांना आपल्या भाषेत 'चुका' असेच नाव आहे. त्या दिवशी उमेदवाराने दाराभोवती पुष्कळ चुका ठोकल्या. परंतु स्वतःची चूक मात्र त्याने लांबीखाली झाकून ठेवली नाही. दुपारी मालक आले. त्यांनी दाराकडे एकवार पाहिले आणि काही न बोलता ते आत गेले. उमेदवार थोडा खट्टू झाला. मिस्त्री त्याला म्हणाले, "पट्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, याचा अर्थ ती नीट बसली आहे."