खंड्याला घेऊन समुद्राकडे

लग्नाची पत्रिका आली, यात्रेचं बोलावणं आलं की आमच्या भोरकडे दोन प्रश्न हमखास निघतात. आहेर काय करायचा, आणि घरी कोण राहणार? पहिल्या प्रश्नावर चार दिवस चर्चा होते. दुसऱ्याचं उत्तर मात्र ठरलेलं. घरातली थोरली बाई! गाय आहे, कोंबड्या आहेत, दारात कुत्रं आहे, सगळ्यांनीच कसं जायचं? मग 'कुणीतरी' मागे राहतं. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

आमच्या घरी ही पाळी सासूबाईंची. वय बहात्तर. माहेर वेल्ह्याकडचं, केळदच्या बाजूचं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण त्यांच्या तोंडी अजून वेल्हेच.) तिथं मढे घाट आहे. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून याच वाटेने उमरठला नेला, असं सांगतात. लहानपणी सासूबाई गुरांमागे त्या कड्यापर्यंत जायच्या आणि खालचं कोकण बघत बसायच्या. समुद्र काही दिसायचा नाही. पुढे लग्न होऊन त्या भोरला आल्या. इथूनही वरंधा घाट उतरला की कोकणच. आमच्या भोर संस्थानचा सुधागड तालुका तर खाली कोकणातच होता. म्हणजे बाई सगळा जन्म कोकणाच्या उंबऱ्यावर राहिली, पण समुद्र पाहिलेला नाही!

दोन वर्षांपूर्वी गाय विकली. राहता राहिला खंड्या. सहा वर्षांचा, तांबूस, गावठी, एका धनगरवाड्यावरून पिल्लू म्हणून आणलेला. "मी न्हाई यायची, त्याला कोण बघंल?" हे सासूबाईंचं पालुपद. आणि खरं सांगायचं तर ते नुसतं निमित्त नव्हतं. शेजारीण भाकरी टाकेल हो, पण रात्रीचं काय? आमच्या डोंगरांत बिबट्या आहे. कुलूपबंद घराच्या दारात बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवल्यासारखंच. पुण्यात पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी ठिकाणं आहेत, पण उभ्या जन्मात बंद खोलीत न राहिलेला प्राणी तिथं चार रात्री कसा काढणार?

"मग त्यालाच घेऊन जाऊ," मुलगी म्हणाली. सासूबाई आधी हसल्या. आमचे हे हसले नाहीत, त्यांनी गाडी काढून सर्व्हिसिंगला टाकली. आमची जुनी मारुती व्हॅन आहे, मागची सीट काढली की खंड्याला पाय पसरून झोपता येतं.

तयारी म्हणाल तर माणसांपेक्षा त्याचीच जास्त. महिनाभर आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घेतली आणि लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. ते कार्ड फार कामाला आलं. मग त्याला गाडीची सवय. रोज संध्याकाळी भाटघरपर्यंत चक्कर. पहिल्या दिवशी थरथरला, चौथ्या दिवशी दार उघडायच्या आधीच दारात उभा! सोबत घेतलं ते असं: दोन पट्टे, जुनी चादर, पसरट भांडं, पाण्याचा कॅन आणि सासूबाईंनी भाजलेल्या कडक भाकऱ्या.

फेब्रुवारीतल्या एका नवमीला पहाटे निघालो. घाटाआधी त्याला खायला दिलं नाही. पोट भरलेलं असलं की वळणांवर कुत्र्यांनाही ओकारी येते, अगदी आपल्यासारखी. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो, मग हिर्डोशी, मग वाघजाईचं देऊळ. तिथल्या टपऱ्यांवरची गरम कांदाभजी न खाता वरंधा उतरायचा नसतो, बरं का! या घाटाचं एक मात्र आहे. पावसाळ्यात दरडी येतात, वाहतूक बंद होते, एरवीही कामासाठी कधी बंद असतो. निघण्याआधी चौकशी करावी हे उत्तम.

महाडच्या पुढे म्हसळ्यावरून दिघी. तिथून आगरदांड्याला फेरीबोट जाते, कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. गाडीसकट आपण बोटीवर चढायचं. इंजिन धडधडायला लागलं तसा खंड्या माझ्या मांडीखाली डोकं घालून बसला. आणि सासूबाई? त्या दार उघडून उभ्या. खाडीचं पाणी बघत होत्या. "ह्योच का समुद्र?" मी म्हटलं, "नाही आत्या, ही खाडी. समुद्र पुढं आहे." "म्हंजे अजून मोठा?" त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

मुरूडला राहायची शोधाशोध. एका ठिकाणी फोनवर आधी 'हो' म्हटलं होतं, दारात कुत्रा बघितल्यावर 'नाही'. दुसरीकडे म्हणाले, कुत्रा गाडीत ठेवा. बंद गाडीत! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकत अंग गार करतो. काचा लावलेल्या गाडीत तो थोड्या वेळातच गुदमरून मरू शकतो, हे सांगूनही त्या गृहस्थांना पटलं नाही. शेवटी नारळी-पोफळीच्या वाडीतलं एक घर मिळालं. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "लस दिलीय ना?" कार्ड दाखवलं, तशी पडवी मोकळी करून दिली. पुढच्या तिन्ही मुक्कामांचा अनुभव हाच. मोठ्या पाटीच्या हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम बरा, आणि फोनवर 'कुत्रा आहे, गावठी आहे, केवढा आहे' हे स्पष्ट सांगावं. 'छोटंसं आहे' वगैरे म्हणू नये.

सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. होडीत माणसं दाटीवाटीने बसतात, तिथं कुत्र्याचं काम नाही. त्यामुळे आम्ही दोन पाळ्या केल्या. आधी मी आणि सासूबाई, हे आणि मुलगी खंड्यापाशी, मग उलट. सिद्दींचा हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही. १९४८ साली संस्थान विलीन झालं तेव्हाच सत्ता संपली. त्याच वर्षी आमचं भोरही विलीन झालं, हे सांगितल्यावर सासूबाईंना जंजिरा एकदम ओळखीचा वाटायला लागला. पलीकडे महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. कलालबांगडी तोफेपाशी सगळे फोटो काढत होते. सासूबाई मात्र गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी थांबल्या. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं! "पाणी हाय म्हणून किल्ला हाय," त्या म्हणाल्या. डोंगरातल्या बाईला पाण्याचा हिशेब लगेच कळतो.

खरा समुद्र त्यांनी संध्याकाळी दिवेआगरला पाहिला, म्हणजे पायांनी पाहिला. उन्हं उतरल्यावरच गेलो, कारण दुपारी तापलेल्या वाळूने कुत्र्याचे तळवे भाजतात. आपला तळहात वाळूवर ठेवून बघावा, आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. लाट आली तसा खंड्या भुंकत मागे पळाला, लाट गेली तसा तिच्यामागे धावला. असं वीस-पंचवीस वेळा! सासूबाई घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, लुगडं भिजलं तरी हलेनात. मी काही बोलायला गेले नाही. पट्टा त्यांच्याच हातात होता, तो ओढत होता आणि त्या त्याच्याबरोबर दोन पावलं पुढे, दोन मागे.

खारं पाणी मात्र त्याला पिऊ देऊ नका. उलट्या-जुलाब होतात. भांड्यात गोडं पाणी सतत पुढे धरत राहायचं. परतल्यावर विहिरीच्या पाण्याने अंग धुवायचं, नाहीतर मिठाने खाज सुटते. आणि किनाऱ्यावर त्याला मोकळा सोडू नये. जाळ्यांचे तुकडे, गळ, सडके मासे असतात, शिवाय प्रत्येक किनाऱ्याची स्वतःची कुत्री असतात आणि त्यांची हद्द ठरलेली असते. दिवेआगरला पाच-सहा जण गुरगुरत आले. आम्ही न पळता, न ओरडता वाट बदलली.

तिसऱ्या दिवशी एकादशी. हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायची रीत आहे. कुत्रा हे भैरवाचं वाहन! "मग ह्याला बाहेर का ठेवायचा?" सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता, तरी खंड्या बाहेर यांच्यापाशी सावलीतच राहिला. इथली प्रदक्षिणेची वाट कातळावरून समुद्रालगत जाते. ती ओहोटीलाच करायची, भरतीला तिथं लोकांचे जीव गेलेत. ओहोटी कधी, हे देवळाबाहेरच्या फुलवाल्या बाईंनी सांगितलं. तिथीला पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशी म्हणजे अकरा, पाऊणपट सव्वाआठ. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सव्वादोन. इथं मोबाइल न बघता घरातल्या दिनदर्शिकेवर समुद्राची वेळ कळते! सासूबाईंना शाळा फारशी नाही, पण तिथ्या तोंडपाठ. त्या जेवणाच्या वेळीसुद्धा पाऊणपट करत बसल्या.

बागमांडल्याहून पुन्हा जंगलजेटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि तिथून वेळासला. कोकणच्या खाड्यांवर ही सोय फार जुनी नाही. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, त्यानंतर इतर खाड्यांवर आली. त्याआधी गाडी घेऊन एवढा किनारा करायचा तर प्रत्येक खाडीला लांबचा वळसा पडायचा.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पण आता ते ओळखलं जातं कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी माणसं नेत, कोल्हे आणि कुत्री उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत हलवतात, पन्नासएक दिवसांनी पिल्लं निघतात, ती सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पाहुणे गावातल्या घरांतूनच राहतात, जेवतात. त्यामुळे कासव वाचलं तर घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात, असा तो सरळ व्यवहार आहे.

आमच्या मुक्कामाच्या काकूंनी खंड्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "इथे अंगणात कितीही दिवस राहूदे, पण किनाऱ्यावर नाही हो न्यायचा." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कुत्र्याला वाळूखालच्या अंड्यांचा वास लागतो. एका रात्रीत तो घरटं उकरून टाकेल, त्यात त्याचा काय दोष? कुत्रा घेऊन हिंडण्याचा हौशीपणा इथं थांबायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर ते एप्रिल-मे या काळात कासवांच्या किनाऱ्यावर कुत्रा पट्ट्यानेसुद्धा नको.

सकाळी हे अंगणात खंड्यापाशी बसले, आम्ही तिघी गेलो. टोपलीखालून पिल्लं निघाली, तळहातापेक्षा लहान, काळी. ओल्या वाळूवर धडपडत, उलटी होत, पुन्हा सरळ होत पाण्याकडे निघाली. सासूबाईंनी विचारलं, "आणि आई?" कार्यकर्ता म्हणाला, "ती अंडी घालून गेली, आजी. पिल्लांसाठी परत येत नाही." सासूबाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मोकळी हाय बाई!" त्यात कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

पुढे हर्णै. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला, होडी केली नाही. सासूबाईंना त्यापेक्षा मासळीच्या लिलावात रस. टोपल्यांभोवती वाकून बोली लावणाऱ्या बायकांना त्या तासभर न्याहाळत होत्या. खंड्याला लिलावापासून लांबच ठेवलं, त्या वासाने तो वेडापिसा झाला होता. मंडणगड-महाडवरून घाट चढून पाचव्या दिवशी रात्री भोर. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानामागून सात गोचीड निघाले, तेवढाच काय तो उपद्रव.

आता अलिबागचं घाटतंय. तिथला कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण मोठ्या ओहोटीला चालत जाता येतं, म्हणजे होडीची अडचण नाही. निदान दारापर्यंत तरी खंड्या येऊ शकेल. सासूबाई दिनदर्शिका घेऊन बसल्यात. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, शिवाय पाणी पुरतं हटत नाही. अमावास्येला पाणी हटतं, पण त्या दिवशी घराबाहेर पडायला त्या तयार नाहीत. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, वाळूही गार. पौषातली पौर्णिमा त्यांनी पेनाने गोल करून ठेवलीय.