रिकाम्या टाकीत काय उरतं?

सावेडी किंवा केडगावातलं एखादं घर बंद होतं. मुलं पुण्यात स्थिरावलेली, आता आई-वडीलही तिकडेच निघालेले. दूधवाल्याला सांगितलं, पेपर बंद केला, केबल काढली. राहतो तो गॅस. ओट्याखाली दोन टाक्या, एक रेग्युलेटर आणि कपाटातल्या कुठल्यातरी फायलीत घडीवर विरलेली एक पावती. बहुतेक घरं टाक्या तशाच ठेवून दाराला कुलूप लावतात. तसं करू नये. आणि कनेक्शन परत करण्याआधी ही टाकी एकदा नीट न्याहाळावी, कारण इतकी अजब वस्तू घरात दुसरी नसेल.

भरल्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, पण तो असतो पाण्यासारखा पातळ. प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं हे मिश्रण दाबाखाली द्रवरूप होतं आणि जेमतेम २५-२६ लिटरांत मावतं. तेच मोकळं सोडलं तर सहा हजार लिटरांच्या वर जातं, म्हणजे पाणी साठवायची २०० लिटरची तीसेक पिंपं! आपण बटण फिरवतो तेव्हा आत खरोखर उकळी फुटलेली असते. फक्त ती नगरच्या साध्या हवेच्या उबेवर फुटते, खाली जाळ लागत नाही. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरासं खालीच उकळतं, प्रोपेन तर उणे ४२ अंशांवर. उकळायला लागणारी ऊब द्रव टाकीच्या पत्र्यातून ओढून घेतो, म्हणून शेगडी बराच वेळ पेटती असली की टाकीचा खालचा भाग गार लागतो. ओलं फडकं टाकीवरून फिरवून पाहा. वरचा भाग लवकर वाळतो, खालचा ओलाच राहतो, आणि त्या दोहोंमधल्या रेघेवर गॅसची पातळी कळते. आपल्या आया-आज्यांना ही युक्ती पुस्तकाशिवाय माहीत होती.

प्रोपेन जास्त चपळ, तो आधी निघून जातो. तळाशी उरतो तो बहुतांशी ब्यूटेन. म्हणून अकोल्याच्या बाजूला थंडीच्या पहाटे संपत आलेली टाकी मंद जळते आणि दुपारी पुन्हा जरा जोर धरते. शेवटी ज्योत विझते तेव्हा आपण म्हणतो, टाकी संपली. पण आतला दाब बाहेरच्या हवेएवढा झाला की गॅस बाहेर पडायचा थांबतो, इतकंच. टाकीचं पोट ३३ लिटरांचं. ते सगळं अजूनही गॅसच्या वाफेनं भरलेलं असतं, अंदाजे ७०-७५ ग्रॅम. टाकी उन्हात तापली तर त्यातलाच थोडा पुन्हा बाहेर यायला बघतो.

तेव्हा काढताना क्रम असा. शेगडी पेटती ठेवून आधी रेग्युलेटरचं बटण बंद करायचं. पाइपमधला गॅस जळून जातो, ज्योत आक्रसते आणि विझते. मग शेगडीचं बटण बंद. रेग्युलेटर उचलला की टाकीच्या तोंडातली स्प्रिंगची पिन आपोआप वर येऊन झडप मिटते. त्यावर दोरीला बांधलेली पांढरी टोपी दाबून बसवायची, टाकी रिकामी असली तरी. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो; गळला तर जमिनीवर पसरून कोपऱ्यात साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी वास नसलेला गॅस शाळेत साचून स्फोट झाला, जवळपास ३०० जीव गेले. गॅसला वास देण्याची सक्ती टेक्सासात त्यानंतर झाली. बंद घरात मात्र तो वास घ्यायला कोणी नसतं, म्हणूनच टाक्या मागे ठेवून जाऊ नये असं मी कळकळीनं सांगतो.

आता ती पावती. टाकी कधीच आपली नसते, ती कंपनीची; आपण अनामत भरून वापरतो आणि दर खेपेला दुसरीच टाकी घरात येते. घरातल्या लग्नाच्या वेळी आलेली टाकी आज पाथर्डीत असेल नाहीतर पारनेरात. १९५०च्या दशकात मुंबईत बर्मा शेलनं 'बर्शेन' नावानं हा गॅस घरोघरी द्यायला सुरुवात केली. गावोगाव पोचेपर्यंत लोकांनी नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट पाहिली. ज्यांचा नंबर तेव्हा लागला, त्यांच्या पावतीवर त्या काळची अनामत आहे आणि परत मिळते तीच रक्कम. १६ जून २०२२ पासून नव्या जोडणीला एका टाकीची अनामत १,४५० वरून २,२०० रुपये झाली, रेग्युलेटरची १५० वरून २५०.

एजन्सीत दोन्ही टाक्या, रेग्युलेटर, पावती आणि गॅसचं पुस्तक द्यायचं. कनेक्शन वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावं लागतं; ते काम निघायच्या आठवड्यात उरकत नाही, आधीच हातात घ्यावं. सगळं जमा झालं की टर्मिनेशन व्हाउचर मिळतं. पुण्यात पुन्हा गॅस घ्यायचा असेल तर तो कागद जपून न्या. अनामत तिथे आजच्या दरानं नव्यानं भरावी लागेल.