लाल रेघ आणि गरिबाची वेलांटी

पाचवीतल्या भाचीने 'माझी शाळा' हा निबंध संगणकावर टाइप केला आणि रडकुंडीला आली. जवळपास प्रत्येक ओळीत लाल रेघा. चष्मा लावून बघायला बसलो, तर रेघ असलेले बरेच शब्द बरोबर. 'झाडाखालच्यांनाही' हा शब्द पोरीने बिनचूक लिहिलेला, त्याखाली रेघ. आणि 'तो दीन मी विसरणार नाही' यातला 'दीन' मात्र ऐटीत सुटलेला!

हीच मुलगी वाचायला सरावली ती मोबाइलवर. २०१९ साली गूगलचं 'बोलो' आलं, आधी हिंदी-इंग्रजीत आणि मग मराठीतही. पुढे त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की उच्चार करून दाखवतो. उत्तर प्रदेशातल्या २०० गावांत चाचणी झाली तेव्हा तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारलं, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. कंपनीचाच आकडा, तेव्हा चिमूटभर मीठ घालून घ्यावा. पण भाचीपुरतं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग वाचून घेणारं यंत्र हुशार आणि लिखाण तपासणारं ढ, असं का? कारण वाचनात उत्तर यंत्राच्या हातात आधीच असतं. पडद्यावर 'मांजर दूध प्यायलं' लिहिलंय. मुलाने तेच म्हटलं का, एवढंच ताडून पाहायचं. लिहिताना मुलाच्या मनात कोणता शब्द होता, हे यंत्राला ओळखावं लागतं. तिथे मराठी त्याला घाम फोडते.

शुद्धलेखन तपासणारी जुनी पद्धत सरळ आहे: शब्दांची यादी ठेवा, यादीत नसेल त्याखाली रेघ मारा. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांत वापरला जाणारा 'हनस्पेल' यादीच्या जोडीला प्रत्ययांचे नियमही ठेवतो. तो मुळात हंगेरियनसाठी घडवला गेला, म्हणजे प्रत्ययांची त्याला सवय आहे. तरी शब्दाच्या शेवटाचे थर तो दोनदाच सोलतो. आपला 'झाडाखालच्यांनाही' सोलून बघा: झाड, मग सामान्यरूपाचा 'आ', मग खाल, च्या, ना, ही. सगळी साखळी कुणी आधीच नियमात बसवून ठेवली नसेल, तर रेघ ठरलेली.

त्यात ऱ्हस्व-दीर्घ. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, पण 'शरीर'चं 'शरीराला'च राहतं. 'फूल'चं 'फुलाला', 'दूत'चं मात्र 'दूताला'. कारण 'शरीर' आणि 'दूत' संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून त्यांना सूट. म्हणजे वेलांटी तपासायला यंत्राला आधी शब्दाचं कूळ विचारावं लागतं! (आपल्यातल्या कितीजणांना ते सांगता येईल, हा प्रश्न इथे नको.) 'दीन' हाही खरा शब्द, अर्थ गरीब. यादीत तो आहेच, म्हणून सुटला. संपूर्ण वाक्याचा अंदाज घेणारी नवी साधनं अशी चूक पकडू शकतात, पण त्यांना शिकायला नीट तपासलेलं मराठी लिखाण भरपूर लागतं, आणि इंग्रजीच्या मानाने ते फार थोडं आहे.

एक खोड तर डोळ्यांना दिसतही नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक आपल्याला कळतो. पण 'दऱ्या'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. कागदावर दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. मुलाने कोणता कीबोर्ड वापरला, यावर चूक की बरोबर ठरू शकतं.

तेव्हा पालकांनो, वाचनासाठी फोन खुशाल द्या. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट मिळतात. निबंध झाला की तो फोनकडून मोठ्याने वाचून घ्या. गळलेला शब्द, अर्धवट राहिलेलं वाक्य मुलाला ऐकूनच कळतं. लाल रेघ दिसली म्हणून बरोबर शब्द खोडायला लावू नका. आणि वेलांटीची शंका आली तर अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उघडा. मोल्सवर्थचा शब्दकोश इंटरनेटवर सहज सापडतो, पण तो १८५७ चा. आजचे लेखननियम १९६२ पासूनचे आहेत.