मालवाहू विमानातली नोकरी : हो म्हणण्यापूर्वी



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मूर्तिजापूरकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन अमरावतीला माझ्या घरी आले. मुलाजवळ व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता. दोन वर्षं तो नोकरी शोधत होता आणि आता एका मालवाहू विमान कंपनीचं बोलावणं आलं होतं. पण तिथं काम करून आलेल्या दोघांनी त्याला बजावलं होतं, ‘जरा जपून. दुरुस्त्या पुढे ढकलतात, रात्रीमागून रात्री ड्युटी लावतात.’ वडील म्हणाले, “साहेब, पोराले नोकरी लागली, पन मन हो म्हनत नाही. बँकेचं कर्ज डोक्यावर हाय. जाऊ द्याव का नाही, तुमीच सांगा.”

मी वैमानिक नाही. आयुष्यभर विमानांच्या देखभालीचं काम केलं, विमान उडण्यालायक आहे अशी सही केली. त्या अनुभवावरून जे त्यांना सांगितलं, तेच आज तुमच्यासमोर ठेवतो. कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी एअर इंडियानं बेलोऱ्याला ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचं जाहीर केलं. आपल्या वऱ्हाडातली मुलं या वाटेनं जाणार, आणि प्रत्येकाला पहिली नोकरी मोठ्या प्रवासी कंपनीतच मिळेल असं नाही.

मालवाहतूक म्हणजे दुय्यम काम, हा समज आधी काढून टाकू. विदर्भाला तर हे काम जुन्या ओळखीचं आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. अनेक वैमानिक या रात्रींमध्ये तयार झाले. धोकाही होता. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेलं असंच एक विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि त्यातली जवळपास सगळी माणसं गेली. पुढे २००९ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहू कंपनी काढली, तिचंही केंद्र नागपूरच होतं. पैशाच्या अडचणीत ती २०११ मध्ये बंद पडली. दुसरीकडे ब्लू डार्टची मालवाहू विमानं १९९६ पासून आजतागायत उडत आहेत. म्हणजे धंदा एकच, पण कंपनी कंपनीत फरक.

मालवाहू विमानाचे धोके प्रवासी विमानाहून थोडे वेगळे असतात. पहिला धोका वजनाचा. कापसाची गाडी भरताना आपण दोर किती काळजीनं आवळतो! भार मागे सरकला तर गाडीचं जू वर उचललं जातं. विमानाचंही तसंच. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून एक बोइंग ७४७ निघालं. पोटात पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या. त्या पुरेशा जखडलेल्या नव्हत्या. उड्डाण करतानाच एक गाडी सुटून मागे आदळली, तिनं विमानाची नियंत्रण यंत्रणा तोडली आणि सातही कर्मचारी ठार झाले. वैमानिकांची चूक नव्हती. दोर बांधणाऱ्याला कुणी नीट शिकवलं नव्हतं.

दुसरा धोका आगीचा. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालानं पेट घेतला. वैमानिकांच्या कक्षात इतका धूर भरला की समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही वैमानिक गेले. आपण मोबाइलमध्ये वापरतो तीच ही बॅटरी. कोणत्या खोक्यात काय आहे, हे कंपनी खरोखर तपासते की कागदावर विश्वास ठेवते, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

तिसरा आणि सगळ्यात फसवा धोका झोपेचा. मालवाहतूक मुख्यतः रात्रीची. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर झोप मागतं. महामार्गावर ट्रक चालवणाऱ्या कुणालाही विचारा. १४ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम इथं पहाटेच्या अंधारात एक मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकडीला धडकलं. चौकशीत थकव्याचा मुद्दा आलाच. हे दोन वैमानिक त्या उड्डाणात आपसात विश्रांतीच्या नियमांबद्दलच बोलत होते. अमेरिकेत विश्रांतीचे नवे, कडक नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं गेलं.

आपल्याकडे डीजीसीएनं २०२५ मध्ये वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या कामावर अधिक बंधनं आणली. पण त्याच वर्षी डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतकी माणसं हाताशी नव्हती. काही अटी तात्पुरत्या शिथिल कराव्या लागल्या. नियम कागदावर असणं वेगळं आणि तो पाळायला माणसं असणं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, विमान जुनं असण्याचं काय? पुष्कळशी मालवाहू विमानं आधी प्रवासी वाहतुकीत वापरलेली असतात. पण वय हा एकटा दोष नाही. नीट ठेवलेली जुनी एसटी घाट चढते आणि दुर्लक्षित नवी गाडी रस्त्यात बसते. विमानाला कोणत्या बिघाडासह आणि किती दिवस उडता येईल, याची मंजूर यादी असते. काही बिघाडांना तीन दिवस, काहींना दहा, तर अगदी किरकोळ गोष्टींना १२० दिवसांची मुदत मिळते. ही सवलत योग्य आहे. पण मुदत संपायच्या दिवशी तोच बिघाड पुन्हा नव्यानं लिहिला जात असेल, तर समजावं की पाणी कुठंतरी मुरतंय. फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियात एमरी कंपनीचं मालवाहू विमान पडलं. शेपटीकडच्या नियंत्रणाचा एक दांडा नीट जोडलेला नव्हता. पुढे त्या कंपनीच्या देखभालीत इतक्या त्रुटी निघाल्या की ऑगस्ट २००१ मध्ये तिची विमानं जमिनीवर आली.

मग नव्या मुलानं हे ओळखायचं कसं? त्याला विमानाची नोंदवही कुणी दाखवणार नाही. पण माणसांशी बोलता येतं. पहिली गोष्ट, पगार वेळेवर होतात का ते विचारा. जी कंपनी पगार थकवते, ती सुट्या भागांचे पैसेही थकवत असते. दुसरी, एका विमानामागे वैमानिक किती आणि सलग किती रात्री लावतात? दिवसा झोपायला शांत खोली मिळते का? तिसरी, मागे कुणी ‘मी थकलोय, आज उडणार नाही’ असं लिहून दिलं, तेव्हा त्याचं पुढे काय झालं? या तिसऱ्या प्रश्नाला मुलाखतीतलं उत्तर धरू नका. नोकरी सोडलेल्यांचं आणि आज तिथं असलेल्यांचं, दोघांचंही ऐका. सोडून गेलेल्यांच्या बोलण्यात राग असतो, असलेल्यांच्या बोलण्यात भीती.

माझा एक अनुभव सांगतो. एका रात्री उड्डाणाआधी मी चाकाजवळ वाकून पाहिलं, तर ब्रेकची झीज दाखवणारी पिन पार आत गेलेली. ब्रेक बदलायचा म्हणजे चार तास. माल भरून तयार, फोनवर फोन. कॅप्टननी एवढंच विचारलं, “तुम्ही सही करणार का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “मग मीही नेणार नाही,” आणि चहा मागवला. माल चार तास उशिरा पोचला. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. चांगली कंपनी कशी असते, ते मला त्या सकाळी कळलं.

विमान न्यायचं की नाही, याचा अखेरचा शब्द नियमानं कॅप्टनचाच असतो. पण नवा मुलगा सहवैमानिक असतो, आणि त्याच्या खांद्यावर प्रशिक्षणाचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि कंपनीचा बाँड असतो. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं नोकरी सोडताना सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते. पटलं नाही म्हणून उद्या निघून येणं शक्य नसतं. म्हणून बाँड सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्या आणि घरात बसून हिशेब करा, की पगार थांबला तर किती महिने हप्ता भरता येईल? कर्जात बुडालेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं फार जड जातं, आणि विमानात तर वेळेवर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

त्या मुलानं कंपनीकडून आठ दिवस मागून घेतले. पाच जणांना फोन केले. तीन महिन्यांचे पगार थकल्याचं कळलं. थकव्याचा अर्ज देणाऱ्या एकाला पुढे महिनाभर उड्डाणच दिलं नव्हतं, म्हणजे उड्डाणाचा भत्ताही गेला. त्यानं नोकरी नाकारली. दुसरी अजून मिळालेली नाही. तो सध्या नव्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतो, त्यात निम्मा हप्ता निघतो, उरलेला वडील भरतात. हा निर्णय स्वस्त पडला असं मी म्हणणार नाही.

परवा वडिलांचा फोन आला होता. म्हणाले, “सोयाबीनचं जमलं नाही यंदा, पन तुरीवर भागवू. पोरगं रात्री घरी झोपते, एवढं बरं हाय.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)