दोन इंची फ्लँज: भोकं चार की आठ?

दोन इंची पाइपच्या फ्लँजला बोल्टची भोकं किती? अमेरिकी मानकानुसार क्लास १५० असेल तर चार, क्लास ३०० असेल तर आठ. भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास पहिल्यात १२०.७ मिलिमीटर, दुसऱ्यात १२७. चुकीचा फ्लँज ड्रॉइंगमध्ये सहज खपून जातो. जोडणीच्या वेळी मात्र बोल्टच बसत नाहीत.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पावणे एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत आणि इंजिनिअरिंगची वर्कशॉप्सही. अशा कामात ड्राफ्ट्समनला फ्लँज, व्हॉल्व्ह, चॅनेल रोजच काढावे लागतात. बरेच जण जुनं ड्रॉइंग उघडतात आणि त्यातला भाग कॉपी करतात. चूक शिरते ती इथेच. ऑटोकॅडमधली टूल पॅलेट यावर चांगला उपाय आहे, पण ती आपल्या कामानुसार रचून घेतली तरच.

यामागची कल्पना जुनी आहे. एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ मांडलं. त्यात मूळ आकृती एकदाच काढायची, हवी तिथे तिची रूपं ठेवायची. मूळ बदललं की सगळी रूपं बदलत. ऑटोकॅडचा ब्लॉक याच तत्त्वावर चालतो. ड्रॉइंगमध्ये व्याख्या एकच साठते, प्रत्येक ठिकाणी फक्त जागा, प्रमाण आणि कोन यांची नोंद राहते.

कंट्रोल आणि ३ दाबलं की पॅलेट उघडते. कंट्रोल आणि २ दाबून डिझाइन सेंटर उघडायचं आणि तपासलेला ब्लॉक तिथून पॅलेटवर ओढायचा. खरी मेहनत त्यापुढची आहे. टूलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लेयर, स्केल, कोन ठरवून द्यायचे. ठरवलेला लेयर नव्या ड्रॉइंगमध्ये नसला तर तो आपोआप तयार होतो. एककं नीट नोंदवलेली असतील तर इंचातला ब्लॉक मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये २५.४ पट होऊनच उतरतो. वेळ वाचतो हे खरं, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की ज्येष्ठ ड्राफ्ट्समनची पारख नव्याने आलेल्या आयटीआयच्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी पडते.

एक खाच मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी. पॅलेटमध्ये ब्लॉक नसतो, मूळ फाइलचा पत्ता असतो. ती फाइल हलवली की टूल निकामी. दुसरं असं, की चालू ड्रॉइंगमध्ये त्याच नावाचा जुना ब्लॉक असेल, तर मूळ फाइल सुधारूनही पॅलेटवरून जुनाच उतरतो. त्यासाठी टूलच्या मेनूतून ‘रिडिफाइन’ करावं लागतं. म्हणून मूळ फाइल्स सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि बदलाचा अधिकार एकाच जाणत्या माणसाकडे असावा. पॅलेटची फाइल रीड-ओन्ली केली की पॅलेटच्या कोपऱ्यात कुलूप दिसतं. फ्लँजचा ब्लॉक बदलला, तर हाती असलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये तो रिडिफाइन झाला का, हे प्रिंट वर्कशॉपमध्ये जाण्याआधी पाहून घ्यावं.